गरवायला जाताना तुमच्या पिशवीत काय असतं?

शापोराकाठचा:
माझ्या भाच्याला यंदा गरवण्याचं, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याचं, वेड लागलंय. परवा म्हणाला, "मामा, रविवारी मी पण येतो, काय काय घ्यायचं ते लिहून दे." लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, माझ्या पिशवीतली एकेक वस्तू कधी ना कधी फटका बसल्यावरच आत आलेली आहे. दुकानातली यादी त्याला कुठेही मिळेल. मला त्याला तुमचे प्रसंग वाचायला द्यायचे आहेत.

माझ्यापासून सुरुवात करतो. गोव्यात, शापोरा नदीवर शिवोलीच्या अंगाला एका मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी उभा होतो. सुकती (ओहोटी) लागली होती. मानशीतून पाणी नदीत सुटलं की बारकी सुंगटं (कोळंबी) आणि शेवटा माशाची पिल्लं बाहेर येतात, आणि चोणक मासा तिथेच दबा धरून असतो. लागला. दोनदा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि हातातला भार एकदम गेला. दोरी गुंडाळून बघितली तर टोक पिंजलेल्या वातीसारखं झालेलं. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि मी वीस पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, सरळ गरीला (गळाला) बांधली होती. तेव्हापासून पुढे दोन हात लांबीचा, जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) लीडर, म्हणजे दोरी आणि गरीमधला तुकडा, चाळीस पौंडांचा, बांधल्याशिवाय मी पाण्यात काही टाकत नाही. जास्तीचे दोन लीडर घरीच बांधून सिगरेटच्या रिकाम्या डबीवर गुंडाळून नेतो. काळोखात डासांच्या घोळक्यात गाठ मारत बसणं नको.

आता तुमचं सांगा.

खाजनातली:
मी दिवाडीची. आमच्याकडे रॉड-रीळ नंतर आलं, आधी बांबूची काठी. बाबा काळुंदरासाठी गरी इतकी बारीक घेत की आम्हा पोरांना ती बोटात धरता येत नसे. काळुंदराचं तोंडच लहान, मोठी गरी लावली की आमिष कुरतडून जातो आणि तुम्ही बसता पाण्याकडे बघत. तेव्हा भाच्याला सांगा, पिशवी भरण्याआधी कुठल्या मासळीसाठी जातोय ते ठरव.

माझ्या पिशवीत सगळ्यात महत्त्वाची ती बादली. जिवंत सुंगटं न्यायची तर नळाचं पाणी चालत नाही, जिथून सुंगटं घेतली तिथलंच पाणी हवं. वर ओला कपडा, बादली सावलीत, आणि एकीत एक कोंबायची नाहीत. आता बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो मी घेतलाय. सुंगटाच्या डोक्यात कवचाखाली एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्याच्यातून गेली की सुंगट जागीच मरतं. ठिपका चुकवून शिंगाच्या मुळाशी आडवी टोचली तर ते बराच वेळ पोहत राहतं. हे मला आईने दाखवलं, मानशीवर कंदील धरून.

बेतुलबंदर:
मी पक्कड आणि थर्मास सांगणार, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळकळीचं आहे.

साळ नदी समुद्राला मिळते तिथे, बेतुलला, संध्याकाळी मी आणि माझा चुलतभाऊ बसलो होतो. बांगड्याचा तुकडा तळाला टाकलेला. सांगट, म्हणजे शिंगाळ्याच्या जातीची मासळी, लागली, हातभर. गरी खोल गिळलेली आणि आमच्याकडे पक्कड नव्हती. भावाने ती डाव्या हाताने दाबून धरली आणि उजव्या हाताने गरी फिरवू लागला. सांगटीला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांपाशी, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. ती वळवळली आणि बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळात घुसला. रक्त थोडंच आलं. पण पाच मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला, हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, जाळी ओढणारा, तो खाली बसून कण्हत होता.

जवळच्या घरातल्या एका म्हाताऱ्या आजीने चुलीवरचं पाणी आणलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव म्हणाली. पाऊण तास तो तसा बसला, पाणी निवलं की आजी नवं ओतत होती. ठणका निम्म्याहून कमी झाला. नंतर डॉक्टरांनीही हेच सांगितलं: हे विष उष्णतेने निकामी होतं, पाणी साधारण ४५ अंशांच्या आसपास हवं, उकळतं नको. आणि दुखऱ्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या चांगल्या हाताने बघायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, काट्याचा तुकडा आत राहिलाय का तेही बघितलं. गरम पाण्याने बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळायचा नाही.

तेव्हापासून लांब चोचीची पक्कड कमरेला आणि थर्मासमध्ये गरम पाणी. चहाचा थर्मास वेगळा. वागळ्याच्या (पाकटाच्या) शेपटीचा काटा लागला तरी हाच उपाय आहे, म्हणून वाळूत उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, वागळं आधीच निघून जातं. आणि सांगट लागली तर हातात घेऊ नका. गरीपेक्षा बोट मोलाचं आहे, दोरी कापा.

कुंभारजुवेकर:
कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला येणाऱ्यांनी डोक्याला बांधायची बॅटरी आणावी आणि पाण्याच्या कडेला बसू नये. इथे मगरी आहेत. आमच्या भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, ते काही उगाच नाही. मासळी तिथेच साफ करून आतडी पाण्यात टाकण्याची सवय तर मुळीच नको, घरी जाऊन साफ करा.

हणजुण्याची:
पायात काय घालता हे कोणी लिहिलं नाही. खडकांवर चप्पल नको. शेवाळ तर असतंच, पण खडकावरच्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा तळवा असा चिरतात की चालता येत नाही. बंद, रबरी तळाचे बूट घ्या आणि लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी. खडकावर पोचल्यावर आधी दहा मिनिटं नुसत्या लाटा बघायच्या, मग रॉड काढायचा. पाऊसकाळात मी खडकांवर जातच नाही. मासा कितीही मोठा असो, तो गणपतीनंतरही तिथेच असणार आहे.

बर्फवाली पेटी:
आम्ही ग्रांद बेटाच्या बाजूला बोटीने गेलो होतो, दिवसभरासाठी. पेटीत बर्फ होता, पण थंड पेयांसाठी. पकडलेले बांगडे दुपारभर फळीवर उन्हात राहिले. घरी आणून रात्री तळले, चवीला थोडे तिखटसर लागले, तो मसाला असेल असं वाटलं. अर्ध्या तासात मुलीचा चेहरा आणि मान लालबुंद, सासऱ्यांची छाती धडधडू लागली, डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात कळलं की बांगडा, इसवण यांसारखी मासळी थंड न ठेवता राहिली की तिच्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून, तळून, कशानेच जात नाही, आणि मासा दिसायला ताजाच दिसतो. औषधांनी दोघं बरी झाली, पण ती रात्र मी विसरणार नाही.

आता मासळीची पेटी वेगळी, आणि मासळी आली की लगेच बर्फात, वरखाली दोन्हीकडे बर्फ, तळाला पाणी निघून जायला भोक. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही.

रायबंदरचे काका:
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय. बेतुलचं वाचून अंगावर काटा आला, मला स्वतःला दोनदा सांगट लागलेली आहे.

मी पिशवीतलं नाही, परत आल्यावरचं सांगतो. खारं पाणी रिळाला खातं. घरी येऊन रीळ नळाखाली जोरात धुतात, तसं करू नये, मीठ उलट आत जातं. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला धरून ठेवणारा रिळाचा ब्रेक, घट्ट करायचा, हलक्या धारेखाली वरवर गोडं पाणी फिरवायचं, फडक्याने पुसायचं आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत ठेवायचं. ड्रॅग आवळलेला ठेवला की आतल्या चकत्या दबून राहतात, आणि पुढच्या वेळी मासा पळाला की दोरी झटके देत सुटते. माझं एक रीळ असं अकरा वर्षं चाललंय.

आणखी एक. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग गडगडायला लागले की कार्बनचा रॉड खाली ठेवा आणि निघा. तो वीज वाहून नेतो. विजेच्या तारांखालून जातानाही रॉडचे तुकडे सुटे करूनच न्यायचे. आमच्या हातात बांबू होता तेव्हा ही काळजी एवढी नव्हती.

शापोराकाठचा:
काका, ड्रॅगचं मला ठाऊक नव्हतं, आजच सैल केला.

भाच्याने हे सगळं वाचलं आणि विचारलं, मोजपट्टी कशाला लागते? माझ्या पिशवीत कापडी टेप असतो. चोणक आधी नर असतो, वाढत जाऊन पुढे मादी होतो. म्हणजे जो सगळ्यात थोराड, तीच अंडी घालणारी. मी साधारण हातभराहून मोठा चोणक पाण्यातच धरून, टेप लावून, फोटो काढून सोडतो. घरी यावरून बोलणी खातो, तरी सोडतो. त्यासाठी गरीचा उलटा काटाही पकडीने दाबून घेतलेला असतो. तो दाबला की मासाही लवकर सुटतो आणि आपल्या बोटात गेली तर गरीही.

रविवारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं उधाण आहे. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा शनिवारची वेळ बघून निघू नये. सुकती सुरू होताना आम्ही मानशीवर असू. खाजनातल्या ताई, बादलीत तिथलंच पाणी घेईन. बेतुलबंदर, गरम पाण्याचा थर्मास भाच्याच्या पिशवीत दिलाय, पक्कड माझ्या कमरेला आहे.