अडवणूक करणाऱ्याला मतदार धडा शिकवतात?
अमेरिकेत खर्चाला संसदेची मंजुरी न मिळून सरकार ठप्प झालं (शटडाउन) की अडवणूक करणाऱ्या पक्षाला मतदार धडा शिकवतात, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. १ ऑक्टोबर २०१३ ला डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावरून विरोधी रिपब्लिकन पक्षाने संसदेत निधी रोखला. सरकार १६ दिवस बंद राहिलं, सुमारे ८ लाख कर्मचारी बिनपगारी घरी बसले. तेव्हाच्या जनमत चाचण्यांत जास्त दोष रिपब्लिकनांनाच दिला जात होता. आणि वर्षभरात काय झालं? नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच पक्षाने सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) ९ जागा जास्तीच्या मिळवून बहुमत घेतलं! दरम्यान आरोग्य विम्याच्या सरकारी वेबसाइटचा बोजवारा उडाला होता (तीही १ ऑक्टोबरलाच सुरू झाली होती) आणि लोकांचा राग तिकडे वळला.

१९९५-९६ चा २१ दिवसांचा बंदही तसाच. डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन पुन्हा निवडून आले खरे, पण दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडेच राहिली.

मुळात अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं असलं की मतदाराने जाब विचारायचा कुणाला? आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच जातं, त्यामुळे जबाबदार कोण हे शोधावं लागत नाही. तिथे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघांचे पाठीराखे आपापल्या नेत्यावर विश्वास ठेवतात. पगार थांबलेल्या माणसाचं घरभाडं मात्र थांबत नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.