काडीकिड्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणणं थांबवा

त्र्यंबकरोडकर: रविवारी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या वाटेवर कारवीला चिकटलेला वीतभर काडीकिडा दिसला. बिनपंखी, अगदी वाळकी काडी. शेजारचे एक काका मुलांना सांगत होते, ‘हा डायनासोरच्या काळापासून जसाच्या तसा आहे, जिवंत जीवाश्म!’ हे साफ चुकीचं आहे असं माझं मत.

चीनच्या इनर मंगोलियात या गटाचा सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा ॲक्लिस्टोफाझ्मा सापडलाय. पोटाच्या कडांना फाटे, मांड्यांवर काटे, आणि चांगले पंख. त्याच भागातला १२.६ कोटी वर्षांपूर्वीचा क्रेटोफाझ्मोमिमा तर पंखांनी सोंग घ्यायचा. पंख मिटले की त्यांवरच्या काळ्या रेघांमुळे तो गिंको नावाच्या झाडाच्या नात्यातल्या एका झाडाचं पान वाटायचा. काडी नाहीच, पान, आणि तेही आज नामशेष झालेल्या झाडाचं. मग ‘जसाच्या तसा’ कुठून आलं?

बायोवाली_ताई: दादा, मेसेल विसरलात. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीतला पानकिडा (काडीकिड्याच्याच गटातला), इओफिलियम, ४.७ कोटी वर्षांचा. २००७ साली त्याचं वर्णन छापून आलं. आजच्या नर पानकिड्याशेजारी ठेवा, पानासारखं चपटं पोट तेच. मी अकरावीला शिकवते. ‘जिवंत जीवाश्म’ म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. तो शब्द मी सोडणार नाही.

त्र्यंबकरोडकर: ताई, मेसेलचा किडा डायनासोर गेल्यावर जवळजवळ दोन कोटी वर्षांनी आलेला. शिवाय तो एकच नमुना, तोही नर. पानाचं खरं रुंद रूप मादीचं असतं, आणि मेसेलची मादी आपल्यापुढे नाही. आज पानकिडे दक्षिण आशियापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत आहेत, युरोपात एकही नाही. एवढा मुलूख सुटला, याला मी ‘काही बदललं नाही’ कसं म्हणू?

सिन्नरचा_सदा: आमच्याकडे याला खंडोबाचा किडा समजून हात जोडतात. तोच ना?

बायोवाली_ताई: नाही हो, खंडोबा वेगळा. तो पुढचे पाय जोडून शिकार करतो, त्याचं नातं झुरळ-वाळवीशी. काडीकिडा निव्वळ पाला खातो.

दगडधोंडे: दोघांनाही विरोध. मूठभर जीवाश्मांवर इतकं ठाम बोलू नका. २०१९ साली जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षात आजच्या बहुतेक घराण्यांचा फुटवा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनासोर संपवणाऱ्या महाविनाशानंतरचा निघाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हीच मुळं बरीच मागे, थेट डायनासोरच्या काळात नेली. जनुकांतल्या बदलांवरून काळ मोजणारं घड्याळ कोणत्या जीवाश्माच्या वयावर लावायचं यावरच सगळं अडलंय. आणि गंमत बघा, अंजनेरीचा काळा पाषाण म्हणजे त्याच सुमाराचा लाव्हा. तुमचा किडा बसला होता तो डोंगर बनत होता, तेव्हा त्याच्या पूर्वजांचं काय चाललं होतं, हाच तर वाद आहे.

सिन्नरचा_सदा: मग नाशकात जीवाश्म मिळायचेच नाहीत. लाव्ह्यात किडा जळून खाक.

दगडधोंडे: लाव्ह्यात नाही, पण दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साचायची. मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळालेत. मेसेल तरी काय, ज्वालामुखीच्या विवरातलं तळंच! आपल्या डोंगरांत लाव्ह्याच्या थरांमधला गाळ कुणी किड्यांसाठी चिकाटीने चाळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बायोवाली_ताई: ‘जसाच्या तसा’ मागे घेते. पुढच्या तासाला तिन्ही किडे काळाच्या क्रमाने फळ्यावर काढीन. पण पानकिड्यापुरतं ‘जिवंत जीवाश्म’ म्हणणारच.

त्र्यंबकरोडकर: मेसेलची मादी सापडेपर्यंत माझा विरोध कायम, ताई.