मदत हवी आहे : बेपत्ता मामांच्या फोनचे ‘शेवटचे लोकेशन’ आणि व्हॉट्सअॅपच्या दोन टिका यांचा अर्थ कसा लावावा?

सर्वांना नमस्कार.

मी साताऱ्याचा. माझे मामा, वय 61, एसटीतून लेखनिक म्हणून निवृत्त झालेले, 13 दिवसांपूर्वी मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे शहरावरच्या यवतेश्वरच्या पठारावर फिरायला म्हणून स्कूटरवरून बाहेर पडले ते परत आले नाहीत. स्कूटर त्याच दुपारी मंदिराजवळ, ते रोज लावत त्याच जागी मिळाली. त्या सकाळी पाऊस नव्हता, नुसते धुके होते, त्यामुळे डिकीत रेनकोट घडी घातलेला तसाच होता. पाण्याची बाटली मात्र नव्हती. मिसिंगची नोंद संध्याकाळी झाली. बचाव पथकातील मुलांनी पावसापाण्यात दोन दिवस कड्याखालची झाडी पालथी घातली, आणि आता ती उघडीप होण्याची वाट पाहत आहेत. त्यांच्याविषयी किंवा तपासावरील हवालदारांविषयी माझी तक्रार नाही.

अडचण फोनची आहे. पाचव्या दिवशी गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका तक्त्याचा स्क्रीनशॉट फिरू लागला, जो मामांच्या नंबरचा सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉल-एसएमएसची नोंद, असल्याचे सांगितले जाते. तो कोठून बाहेर आला हे मला माहीत नाही, पण त्यातील माझ्या वडिलांचा नंबर खरा आहे. त्यात त्या सकाळच्या तीनच ओळी आहेत : 6.48 ला वडिलांचा आलेला कॉल, चार मिनिटांचा, टॉवर यवतेश्वर, 7.10 ला बँकेचा एसएमएस, टॉवर पठाराखालच्या कण्हेर धरणाच्या बाजूचा, आणि 7.34 ला कोणत्याशा जाहिरातीचा एसएमएस, टॉवर पुन्हा यवतेश्वर. सव्वाआठला मामींनी फोन लावला तेव्हा ‘स्विच ऑफ’ ऐकू आले.

एवढ्या तीन ओळींवर एका यूट्यूब चॅनेलने तीन भाग केले आहेत. त्यांचे म्हणणे असे की यवतेश्वरहून घाट उतरून, साताऱ्याला वळसा घालून 22 मिनिटांत कण्हेर गाठायचे तर चारचाकीच हवी, म्हणजे मामांना कोणीतरी गाडीत घातले. आणि शेवटचा कॉल दाजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा असल्याने हा ‘कोणीतरी’ शोधायला लांब जायला नको. वडिलोपार्जित दीड एकराच्या हक्कसोड पत्रावर आईची सही राहिली आहे, हे त्यांनी सातबारा दाखवून सांगितले. वडिलांनी मामांना फोन केला होता तो सही गुरुवारी करू या, तलाठ्याकडे जाताना आधारची झेरॉक्स सोबत घ्या, हे सांगायला. पण ते आता कोणाला पटणार? वडील दूध आणायलाही बाहेर पडेनासे झाले आहेत. खरे सांगायचे तर तिसरा भाग पाहिल्यावर मी स्वतः त्यांना विचारले, की चार मिनिटे तुम्ही नक्की काय बोलत होता. ते माझ्याकडे पाहत राहिले. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट दिशेने जाते. मामी रोज रात्री झोपताना मामांना व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवतात. रात्री एकच टिक दिसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास तिच्या दोन टिका होतात. निळ्या कधीच झालेल्या नाहीत. मधल्या रविवारी आणि काल, असे दोन्ही रविवार मात्र दिवसभर एकच टिक राहिली. मामींची खात्री झाली आहे की मामा कुठेतरी सुखरूप आहेत आणि दिवसातून एकदा फोन चालू करतात. आमच्या नात्यातील एकाने तर सुचवले आहे की त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम काढून घ्यावे आणि आपणच व्हॉट्सअॅप उघडून पाहावे.

माझे प्रश्न असे : टॉवरच्या या उडीचा खरोखर काय अर्थ होतो? दोन टिका म्हणजे फोन चालू, असे धरावे का? डुप्लिकेट सिम काढावे का? आणि त्या चॅनेलचे काय करावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनीच लिहावे, ही विनंती. तर्क ऐकून आम्ही थकलो आहोत.

हरिपूरकर (सांगली)

मी दूरसंचार खात्यात 31 वर्षे काढली, त्यातील बरीचशी टॉवरखाली. दोन टिकांचे आधी घेतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे.

व्हॉट्सअॅपमध्ये दुसरी टिक मिळते ती मेसेज समोरच्याच्या फोनवर किंवा त्याने जोडून ठेवलेल्या कोणत्याही दुसऱ्या उपकरणावर पोचला की. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की टिका अकराच्या सुमारास होतात आणि रविवारी होत नाहीत. लपून बसलेला माणूस रविवारची सुट्टी पाळत नाही, कार्यालय पाळते. निवृत्तीनंतर तुमचे मामा कुठे अर्धवेळ कामाला जात होते का, आणि तिथल्या संगणकावर त्यांचे व्हॉट्सअॅप वेब उघडे राहिले आहे का, हे उद्या सकाळीच पाहा. मूळ फोन 14 दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही तर जोडलेली उपकरणे आपोआप लॉगआउट होतात, आणि तुमचा आज तेरावा दिवस आहे. तेथे काही सापडले तर हात लावू नका, चॅट उघडू नका. पोलिसांना बोलवा आणि पंचनामा होऊ द्या. डुप्लिकेट सिमचा विचार तर सोडूनच द्या. नवे सिम चालू झाले की जुने बंद पडते, आणि त्या नंबरवर नव्या फोनमध्ये व्हॉट्सअॅप नोंदवले की आधीचे सगळे लॉगआउट होते. मदत म्हणून केलेल्या कामाने पुरावा पुसला जाईल.

आता टॉवर. सीडीआरमधला पत्ता फोनचा नसतो, टॉवरचा असतो. बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तीन सेक्टर असतात आणि एकेक सेक्टर साधारण 120 अंशांचा पट्टा सांभाळतो. शहरात तो पट्टा काहीशे मीटरांत संपतो, उघड्या माळावर अनेक किलोमीटर जातो. फोन जवळचा टॉवर शोधत नाही, ज्याचा सिग्नल चांगला पोचतो तो धरतो. यवतेश्वरच्या पठारावर मी गेलो आहे. उत्तरेच्या कडेला उभे राहिले की खाली वेण्णेचे खोरे आणि कण्हेरचा जलाशय समोर पसरलेला असतो, मध्ये आडकाठी काही नाही, आणि यवतेश्वरचा टॉवर मात्र पाठीमागे, जमिनीच्या उंचवट्याआड जातो. अशा ठिकाणी फोनने खोऱ्यातला टॉवर धरला तर त्यात नवल नाही. रस्त्याचे अंतर मोजून वेग काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे होते, आणि तिसरी ओळही वाचायला हवी होती. 22 मिनिटांत कण्हेर आणि पुढच्या 24 मिनिटांत पुन्हा यवतेश्वर, म्हणजे ज्याने पळवले त्याने मामांना परत आणून सोडले की काय?

उलट या उडीचा उपयोग होऊ शकतो. 7.10 ला फोन पठाराच्या उत्तर अंगाला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ही शक्यताच आहे, खूण नव्हे. तपास अधिकाऱ्यांना विनंती करा की कंपनीकडून टॉवरच्या पत्त्यावर न थांबता सेक्टर आणि त्याची दिशाही मागवावी, आणि इंटरनेट वापराच्या नोंदी, ज्यांना आयपीडीआर म्हणतात, त्याही मागवाव्यात. सीडीआरमध्ये कॉल आणि एसएमएस येतात, म्हणून 7.34 ही फोन बंद झाल्याची वेळ धरू नका. ती एका जाहिरातीची वेळ आहे. ‘स्विच ऑफ’ या वाक्यावरही इमारत बांधू नका. बटण दाबून बंद केलेला फोन जाताना नेटवर्कला तसे कळवतो, पण पाण्यात पडलेला किंवा बॅटरी सुटलेला फोन काही न सांगता गप्प होतो, आणि ऐकू येणारी ध्वनिमुद्रित सूचना कंपनीगणिक वेगळी असते.

कराडची वकील

वरील प्रतिसादाशी सहमत. कायद्याच्या बाजूने थोडे लिहिते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली या नोंदी पोलीस मागवू शकतात. कुटुंबाला त्या खासगीरीत्या मिळवता येत नाहीत आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांमार्फत चालणारी सीडीआरची विक्री उघडकीस आणली, तेव्हा त्यात अटका झाल्या होत्या. फिरत असलेला स्क्रीनशॉट खरा असो वा खोटा, तुम्ही तो पुढे पाठवू नका, पण तारीख-वेळ दिसेल अशी प्रत ठेवा आणि तो बाहेर कसा आला याची चौकशी व्हावी म्हणून पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. न्यायालयात असा तक्ता नुसता दाखवून चालत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतींना प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, आणि आता साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली त्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळण्याचा आकडा, द्यावे लागते.

कॉलच्या नोंदी उद्या नाहीशा होतील ही भीती नको. डिसेंबर 2021 पासून परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना त्या किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. घाई करायची ती सीसीटीव्हीची. समर्थ मंदिरापासून वर जाणाऱ्या रस्त्यावरची दुकाने आणि हॉटेले यांचे चित्रण काही आठवड्यांतच पुसून त्यावर नवे चढते, आणि गाडीत घातल्याची कथा खरी की खोटी हे तीन ओळींपेक्षा ते चित्रण अधिक स्पष्ट सांगेल. हँडसेटचा खोका सापडला असेल तर त्यावरचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, पोलिसांना द्या. संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन हरवल्याची नोंद स्वतःहून मात्र करू नका; तिथे नोंद झाली की हँडसेट ब्लॉक होतो, आणि या प्रकरणात तो व्हावा की नाही हे तपास अधिकाऱ्यांनी ठरवायचे आहे.

चॅनेलविरुद्ध आधी त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. अब्रुनुकसानीचा मार्ग न्याय संहितेच्या कलम 356 खाली आहेच, पण तो लांबचा आहे, आणि तुमच्या वडिलांना आज कोर्टाची पायरी चढवावी असे मला वाटत नाही. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात 27 जानेवारी 2023 रोजी एक महिला नदीकाठी कुत्र्याला फिरवताना नाहीशी झाली आणि तिचा फोन बाकावर, कामाच्या बैठकीच्या कॉलला जोडलेलाच सापडला. फोन मुद्दाम तिथे ठेवला असणार, असे म्हणत हजारो लोक तर्क लढवू लागले, काही जण चित्रीकरणासाठी त्या गावात जाऊन धडकले, आणि घरच्यांवरही संशय घेतला गेला. 19 फेब्रुवारीला तिचा मृतदेह त्याच नदीत, साधारण मैलभर खाली मिळाला. चौकशीअंती मृत्यू अपघाती बुडून झाल्याचा निष्कर्ष निघाला. बाकावरचा फोन फक्त बाकावर राहिलेला फोन होता.

धागाकर्ता

तीन दिवस लिहायला जमले नाही, क्षमस्व.

मामा एका कर सल्लागारांच्या कार्यालयात सकाळच्या वेळात टंकलेखनाला जात असत. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेच नव्हते, कारण त्याचा फोनशी काही संबंध असेल हे सुचले नाही. मंगळवारी पावणेअकरालाच हवालदारांना घेऊन तिथे गेलो. सल्लागारांनी कुलूप उघडले, देवाला उदबत्ती लावली, मग संगणकाचे बटण दाबले. ब्राउझर उघडल्यावर आधीची सगळी पाने एकामागून एक परत आली, आणि तिसऱ्या पानावर डाव्या बाजूला मामींच्या नावापुढे हिरव्या गोलात 13 हा आकडा होता. त्याच वेळी घरी बहिणीने मामींच्या फोनवर दोन टिका झाल्याचे पाहिले. 11.06. पंचनामा झाला, संगणक पोलिसांनी ताब्यात घेतला.

टॉवरबद्दल हरिपूरकर काकांनी लिहिलेले मी छापून बचाव पथकाला आणि तपास अधिकाऱ्यांना दिले. सेक्टरची माहिती मागवण्याचे पत्र गेले आहे. आतापर्यंतचा शोध मंदिराच्या खालच्या, साताऱ्याच्या अंगाने झाला होता. पाऊस थांबला तर शनिवारी पथक उत्तरेच्या कड्यावरून दोर लावून उतरणार आहे. वकीलताईंच्या सांगण्याप्रमाणे रस्त्यावरच्या दोन हॉटेलांचे चित्रण मिळाले; एकात मामा 6.21 ला एकटे वर जाताना दिसतात. खाली येणारी वाहने पोलीस तपासत आहेत. अधीक्षकांकडील अर्जाची पोच मिळाली. चॅनेलने अजून काही काढलेले नाही. वडिलांची मी माफी मागितली.

मामींना संगणकाचे मी सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि तो बंद कशाला केला, एवढेच विचारले. मंगळवारी रात्रीही त्यांनी मेसेज पाठवला, काल रात्रीही. आज गुरुवार, दुपारचे साडेतीन वाजले आहेत. दोन्हींवर एकेकच टिक आहे.

उत्तर कड्याच्या खालच्या वाड्यांतील कोणी हे वाचत असल्यास, त्या मंगळवारी सकाळी सात ते आठच्या दरम्यान वरून हाक किंवा दगड घसरल्याचा आवाज कोणी ऐकला होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून कृपया शनिवारच्या आत इथे कळवावे.