अनुभव धागा: अँक्झायटीवर गांजा की डॉक्टरांची गोळी?

हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. 'डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, त्यापेक्षा हे नैसर्गिक बरं' असं एक तट म्हणतं. दुसऱ्याला गांजा म्हटलं की पुढचं काही ऐकायचंच नसतं. मला मतं नकोत, अनुभव हवेत. काय घेतलं, कशासाठी, काय फरक पडला ते लिहा. आणि बंद करताना काय झालं तेही लिहा, कारण हा भाग लोक हमखास गाळतात. कुणी कुणाला डोस मात्र सुचवू नका.

सुरुवात मीच करते. मला जनरलाइज्ड अँक्झायटी आहे, म्हणजे कशाचीही आणि सततची चिंता. एसिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) ५ मिलिग्रॅमपासून सुरू केली, मग १० वर गेले. पहिल्या काही दिवसांत बेचैनी उलट वाढली. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर स्ट्रिप कचऱ्यात गेली असती. नीट गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पुढची पाच मिनिटं कशी काढायची या विवंचनेत असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टाच वाटते! आणि गुण आला तोही कसा, तर पाठवलेली मेल पुन्हा पुन्हा उघडून वाचणं बंद झालं. तेही माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. तोटा असा की शरीरसंबंधांची इच्छा पार गेली. हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. डॉक्टरांनी डोस थोडा खाली आणला, तेव्हा जरा सुधारलं.

अर्धविराम
मी गांजाच्या तटावरचा. संध्याकाळी दोन झुरके मारले की डोक्यातली कटकट थांबायची. सुरुवातीला खरंच छान चाललं होतं, ते मी नाकारणार नाही. मग दोन झुरक्यांत भागेना. सकाळी उठल्याउठल्या छातीत धडधड सुरू व्हायची. मला वाटायचं आजार बळावतोय, म्हणून आणखी ओढायचो. प्रत्यक्षात रात्रीचा अंमल उतरत असायचा, पण आजार कुठला आणि उतार कुठला हे आतून कळतच नाही.
सोडल्यावर चिडचिड, घाम, भुकेचा पत्ता नाही. आणि स्वप्नं तर इतकी लख्ख की झोपायची भीती वाटायची. टीएचसीमुळे (गांजातला नशा आणणारा घटक) झोपेतला स्वप्नांचा टप्पा दबलेला असतो, सोडल्यावर तो उसळून येतो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट गेला, मग हळूहळू ओसरलं. गांजाची सवय लागत नाही असं मित्र छातीठोकपणे सांगायचे. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानग्रंथात गांजाच्या विथड्रॉवलचं (सोडल्यावर होणाऱ्या त्रासाचं) निदान २०१३ पासून आहे, हे मला नंतर कळलं.

मधली बहीण
माझा नाही, धाकट्या भावाचा अनुभव. त्याने गांजाची गमी (चघळायची गोळी) खाल्ली होती. दोन बोटं मानेवर ठेवून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो नाडी मोजत बसला होता. दर मिनिटाला विचारायचा, 'ताई, मी मरत नाहीये ना?' मी नाही म्हणायचे, की पुन्हा मोजणी सुरू. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो कित्येक तास उतरत नाही. शिवाय यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि ते अधिक जोरकस असतं.
नंतर मी बरंच वाचलं. शिकागोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी लोकांना टीएचसी देऊन अनोळखी माणसांसमोर बोलायला लावलं. ७.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांना ताण कमी जाणवला, १२.५ वाल्यांची मनःस्थिती बिघडली. म्हणजे फरक अवघ्या ५ मिलिग्रॅमचा. एका झुरक्यात किती गेलं हे कोण मोजणार?

कातरवेळ
चिठ्ठीवर मिळतं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी लिहितेय. मला पॅनिक अटॅकवर अल्प्राझोलम दिली होती. जादू! अर्ध्याएक तासात माणूस जमिनीवर येतो. पण थोड्याच दिवसांसाठी म्हणून दिलेली गोळी रोजची झाली आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की घबराट सुरू व्हायची. अर्धविराम यांनी सकाळचं जे लिहिलंय, अगदी तेच. या गटातल्या (बेंझोडायझेपिन) औषधांवर अवलंबून राहण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ही गोळी एकदम तोडायची नसते, फिट येऊ शकते. डॉक्टरांनी आधी लांब अंमलाच्या गोळीवर नेलं, मग ती कमी करत आणली. कटरने गोळी कापताना चुरा व्हायचा, तो बोटाच्या टोकाने टिपून घ्यायचे. कितीतरी महिने हेच.

मागचा बाक
माझं थोडक्यात. फक्त स्टेजची भीती. कार्यक्रमाआधी प्रोप्रॅनोलॉल, हृदयाची धडधड कमी करणारी गोळी. मनातली भीती राहते, पण हात थरथरत नाहीत, आवाज कापत नाही. दमा असेल तर चालत नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

उंबरठा
माझा अनुभव वरच्या बहुतेकांपेक्षा वेगळा आहे. एसएसआरआय गटातली (एसिटालोप्राम याच गटातली) दोन औषधं नीट मुदतभर घेतली. भीती गेली, पण रडू येणंही गेलं. आई आजारी असताना मी कोरडा ठणठणीत. मी राहतो तिथे कायद्याने परवानगी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी टीएचसी आणि जास्त सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) असलेलं तेल घेतो, मोजून. मला मानवतंय. पण घरात कुणाला सायकोसिस (भ्रम-भास होणारा आजार) नाही ना, हे त्यांनी आधी खोदून विचारलं होतं. आणि घेतल्यावर मी गाडी चालवत नाही.
नुसत्या सीबीडीबद्दल एक. ब्राझीलमधल्या २०१९ च्या प्रयोगात भाषणाआधी ३०० मिलिग्रॅमने घबराट कमी झाली, १५० आणि ६०० ने नाही. माझ्या बाटलीच्या एका मात्रेत आहे १० मिलिग्रॅम. तेव्हा 'दोन थेंब टाकले आणि शांत झालो' म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

पांढरा कोट
मी औषधशास्त्रातली, म्हणून एवढंच. गांजा आणि गोळी दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लाज वाटते म्हणून लोक लपवतात आणि मग डोसचा हिशेब चुकतो. सीबीडी यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे एसिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढते. धूर ओढला तर सीवायपी१ए२ हे दुसरं एन्झाइम जोरात चालतं आणि ड्युलोक्सेटिनसारखी (नैराश्य-चिंतेवरची) औषधं शरीरातून लवकर संपतात. भूल घ्यायची असेल तेव्हा तर हमखास सांगा.

धागाकर्ती
अर्धविराम, सोडल्यानंतर काय केलंत? ते राहिलंच.

अर्धविराम
सर्ट्रालिन (तीही एसएसआरआयच) चालू आहे, सोबत सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ अजून जड जातो, म्हणून तेव्हा पोहायला जातो. पूल बंद असला की घरच्यांचं काही खरं नसतं.