ऐक्य साधायचे की राखायचे? ‘ऐक्य’, ‘एकता’, ‘एकी’ आणि त्यांच्यासोबतची क्रियापदे

प्रश्न

जानेवारीतील ख्रिस्ती ऐक्यासाठीच्या प्रार्थनासप्ताहाकरिता, वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी (चर्चनी) मिळून वापरायच्या उपासना-पुस्तिकेची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या वाक्याचा माझा मसुदा असा आहे : ‘एकत्र प्रार्थना, एक विश्वास व एक साक्ष यांद्वारे ख्रिस्ती ऐक्यता साधणे हा आम्हां सर्वांचा उद्देश आहे.’ मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ पाळकांनी ‘ऐक्यता’ खोडून ‘एकता’ लिहिले, दुसऱ्या एका वाचकाने त्याच्यावर ‘एकी’ असे सुचवले, आणि तिसऱ्याने शब्दाला हात न लावता ‘साधणे’ या क्रियापदाखाली नुसती रेघ ओढली. कोणता शब्द योग्य, आणि त्या रेघेचा अर्थ काय असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

‘ऐक्यता’ आधी बाजूला काढू या. ‘सुंदर’वरून ‘सौंदर्य’, ‘धीर’वरून ‘धैर्य’, तसे ‘एक’वरून ‘ऐक्य’ होते. ‘य’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते आणि भाववाचक नाम तयार होते. त्याला पुन्हा ‘ता’ जोडला की ‘सौंदर्यता’ किंवा ‘धैर्यता’ यांच्यासारखे दुहेरी भाववाचक रूप बनते. प्रार्थनेच्या बोलीत ‘ऐक्यता’ इतके रुळले आहे की अनेकांना ते चुकीचे वाटत नाही, आणि मनापासून प्रार्थना करणाऱ्याला त्या शब्दावरून कोणी अडवू नये असे माझे मत आहे. छापील प्रस्तावनेत मात्र ते नको.

‘एकता’ आणि ‘ऐक्य’ यांचा कोशातील अर्थ एकच आहे. फरक संगतीचा आहे. ‘एकता’ आज बहुधा राष्ट्रीय किंवा सामाजिक संदर्भात ऐकू येते. ‘एकी’ हा घरगुती आणि सशक्त शब्द आहे, पण ‘एकीचे बळ’ म्हटले की एकी कशासाठी तर बळासाठी, असा हिशेब मनात येतो. ‘एकजूट’ तर समोर कोणी प्रतिपक्ष असल्याशिवाय उभीच राहत नाही. ‘एकोपा’ म्हणजे भांडणतंटा न करता नांदणे. ते चांगलेच आहे, पण दोन शेजारी एकमेकांच्या घरात पाऊल न टाकताही एकोप्याने राहू शकतात. ‘एकवाक्यता’ विधानांची असते, ‘एकमत’ निर्णयाचे असते, आणि ‘विलीनीकरण’ संस्थांचे व मालमत्तांचे असते. ख्रिस्ती अर्थाला सर्वांत जवळचा शब्द ‘ऐक्य’ हाच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मराठीच्या कानात ‘ऐक्य’ शब्दामागे जीव-शिवाच्या ऐक्याचा मोठा नाद आहे, आणि त्या ऐक्यात भेद मावळतो. शिष्यांनी एक असावे या ख्रिस्ताच्या प्रार्थनेतील ऐक्यात भेद मावळत नाही. योहान १७:२१ मध्ये पिता पुत्रामध्ये आणि पुत्र पित्यामध्ये आहे, तरी एक जण प्रार्थना करतो व दुसरा ती ऐकतो. शिष्यांच्या ऐक्याला नमुना आहे तो या नात्याचा. तेथील मूळ ग्रीक ‘हेन’ म्हणजे ‘एक’ हे रूप नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘सर्वांनी एकच व्यक्ती व्हावे’ असे त्यात म्हटलेले नाही. म्हणून प्रस्तावनेत पुढे कोठे ‘एकरूप’ किंवा ‘समरस’ असे शब्द आले असतील तर ते पुन्हा तपासावेत.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न नामापेक्षा त्या रेघेखालच्या क्रियापदाचा आहे.

ऐक्य या अर्थाचे ‘हेनोतेस’ हे ग्रीक नाम संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा येते, आणि दोन्ही वेळा इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात. तिसऱ्या वचनात ते ‘आत्म्याचे ऐक्य’ आहे आणि त्याच्यासोबतचे क्रियापद ‘राखणे’ या अर्थाचे आहे. तेराव्या वचनात ते ‘विश्वासाचे ऐक्य’ आहे आणि तेथील क्रियापदाचा अर्थ ‘पोहोचणे’ असा आहे. ‘साधणे’ दोन्हीकडे नाही. आपण हित साधतो, संधी साधतो, कार्य साधतो. साधण्यात साधणाऱ्याचे कौशल्य पुढे येते आणि साधलेली गोष्ट त्याच्या कर्तृत्वाची होते. राखणदार जे राखतो ते त्याने निर्माण केलेले नसते, ते त्याच्या हाती सोपवलेले असते. ऐक्य आत्म्याचे असेल तर ते सोपवलेले आहे, आणि आपले काम राखणदाराचे आहे. योहानाच्या त्या प्रार्थनेतही ख्रिस्त शिष्यांना ‘एक व्हा’ अशी आज्ञा करीत नाही. ते एक असावेत म्हणून तो पित्याजवळ मागतो. जे मागितले गेले आहे ते देणारा दुसरा कोणी आहे.

आपण ज्या सप्ताहासाठी लिहीत आहात त्याचा इतिहासदेखील बराचसा क्रियापदांचा इतिहास आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे धर्मगुरू पॉल वॉटसन यांनी १८ ते २५ जानेवारी या आठ दिवसांची प्रार्थना सुरू केली. आरंभीची तारीख तेव्हा पेत्राच्या आसनाच्या सणाची होती आणि शेवटची पौलाच्या परिवर्तनाच्या सणाची. त्या प्रार्थनेची दिशा रोमच्या आसनाकडे, म्हणजे पोपकडे होती, म्हणजे तिचे क्रियापद ‘परतणे’ हे होते. साहजिकच जे स्वतःला दूर गेलेले मानत नव्हते त्यांना ती प्रार्थना तोंडाने म्हणता येईना. १९३०च्या दशकात फ्रान्समधील लिआँ शहराचे धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी ती बदलली. ख्रिस्ताला हवे असलेले ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गांनी मिळावे, एवढेच मागायचे असे त्यांनी सुचवले. ‘परतणे’च्या जागी ‘मागणे’ आले आणि सर्वांना एकच प्रार्थना म्हणता येऊ लागली. एका क्रियापदाने इतके होऊ शकते, म्हणून तिसऱ्या वाचकाने ओढलेल्या रेघेचा मी आदर करतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मी मनापासून आभारी आहे. तरी एक शंका उरते, आणि ती मला टोचते. ‘राखू या’ असे लिहिले तर जे आहे ते ठीकच आहे असा अर्थ होणार नाही का? या पुस्तिकेने प्रार्थना करणारे लोक एका बाकावर बसतील, एकच स्तोत्र गातील, पण प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि प्याला यांची वेळ आली की त्यांतील कितीतरी जण एका मेजावर येऊ शकणार नाहीत. मोडलेली वस्तू राखायची कशी?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

आपली शंका रास्त आहे, आणि तिच्यामुळेच मी दोन वचने सांगितली. तिसऱ्या वचनातील ऐक्य हाती आहे, तेराव्यातील ऐक्यापर्यंत अजून पोहोचायचे आहे, आणि पौलाला एकाच अध्यायात दोन्ही लिहिण्यात अडचण वाटली नाही. जे केवळ ‘राखू या’ म्हणतील ते फूट झाकतील. जे केवळ ‘पोहोचू या’ म्हणतील त्यांना एकमेकांच्या बाप्तिस्म्यात आधीच मिळालेले ऐक्य दिसणार नाही.

प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीही अशाच अर्ध्या वाटेवरच्या आहेत. १०५४ मध्ये रोम (पश्चिमेकडील मंडळी) आणि कॉन्स्टँटिनोपल (पूर्वेकडील मंडळी) यांनी एकमेकांवर उच्चारलेले बहिष्काराचे शाप ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन्ही बाजूंनी स्मृतीतून पुसून टाकल्याचे जाहीर केले, पण त्याने सहभागिता, म्हणजे एका मेजावर येणे, पूर्ववत झाली नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या निवेदनात मूलभूत सत्यांविषयी मतैक्य आहे आणि भाषेचे व भर देण्याचे उरलेले भेद मोकळेपणाने मान्य केले आहेत. अशा ठिकाणी ‘मतैक्य’ शब्द अचूक बसतो. ‘ऐक्य’ लिहिले असते तर ते अधिक ठरले असते.

तिसरा प्रतिसाद

‘एकत्र प्रार्थना’ याविषयी थोडे लिहितो. ‘सामूहिक प्रार्थना’ असे करण्याचा मोह होईल, पण समूह म्हणजे संख्या. एका छपराखाली शंभर जण आपापली प्रार्थना करू शकतात. ‘सामाईक’ शब्दाला भिंतीचा आणि विहिरीचा, म्हणजे वाटणीचा वास आहे. ‘मिळून प्रार्थना करणे’ हे साधे मराठी मला सर्वांत भावते.

अनेक जण येथे ‘एकचित्ताने’ हा शब्द वापरतात. तो सुंदर आहे, परंतु त्याच्यामागचा ग्रीक शब्द जपून हाताळावा असा आहे. ‘होमोथुमादोन’ हे क्रियाविशेषण नव्या करारात अकरा वेळा येते, त्यांपैकी दहा वेळा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात. पहिल्या अध्यायात शिष्य माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करतात. आणि सातव्या अध्यायात स्तेफन या शिष्याचे बोलणे ऐकू नये म्हणून कान बंद करून जमाव त्याच्यावर धावून जातो, तोही एकचित्ताने, त्याच शब्दाने. एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातील दंगलखोर नाट्यगृहाकडे धावतात, तेथेही तोच शब्द आहे. म्हणजे मने एक होणे हे स्वतःहून पवित्र नसते. ती कोणाकडे वळली आहेत यावर सारे ठरते. रोमकरांस पत्र १५:६ मध्ये म्हणूनच त्या शब्दाला जोडून ‘एका मुखाने देवाचे गौरव’ हे ध्येय सांगितले आहे. आपल्या प्रस्तावनेत ‘एकचित्ताने’ आले तर त्याच वाक्यात देवाचे नाव यावे.

चौथा प्रतिसाद

‘आम्हां सर्वांचा’ या शब्दांकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही, आणि मला तर सर्वांत नाजूक जागा तीच वाटते. ग्रीक व लॅटिन या भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. मराठीत तो आहे, आणि ऐक्याच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो : ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो.

काही वर्षांपूर्वी एका संयुक्त संध्याप्रार्थनेला मी उपस्थित होतो. यजमान मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, वेदीकडे तोंड करून ‘हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे एक आहोत’ अशी प्रार्थना केली, ती अगदी बरोबर होती, कारण देवाशी बोलताना आपण सारे ‘आम्ही’च असतो. मग ते मागे वळले, पाहुण्यांकडे पाहून हसले आणि त्याच ओघात म्हणाले, ‘आम्ही सर्व एक आहोत.’ माझ्या शेजारी दुसऱ्या परंपरेतील एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरची गीतांची वही मिटली आणि हळूच विचारले, ‘आणि आम्ही?’ वडिलांच्या मनात काडीचाही दुजाभाव नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. वळताना सर्वनाम वळवायचे राहून गेले.

म्हणून पुस्तिकेतील प्रत्येक वाक्य कोणाला उद्देशून आहे हे पाहून सर्वनाम ठरवावे : प्रार्थनेत ‘आम्ही’, प्रस्तावनेत व प्रबोधनात ‘आपण’. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमच्या’ अर्थातच जसेच्या तसे राहील. विश्वासांगीकाराच्या, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारे ठरलेले शब्द म्हणण्याच्या, वेळीही हा विचार करावा. निकिया येथील इ.स. ३२५ च्या परिषदेचा अंगीकार मुळात अनेकवचनी होता, उपासनेत मात्र तो पुष्कळ ठिकाणी ‘मी’ने म्हटला जातो. ऐक्याच्या सप्ताहात अनेकवचन वापरणे मला उचित वाटते.

पाचवा प्रतिसाद

‘एक साक्ष’ या शब्दप्रयोगाला माझी हरकत आहे. ‘साक्षी’ म्हणजे साक्षात पाहणारा. पाणिनीनेही या शब्दाचा तोच अर्थ सांगितला आहे. पाहणारे अनेक असतील तर साक्षीही अनेक असतील, आणि दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा पवित्र शास्त्राचाच नियम आहे. ख्रिस्ताचे जीवन सांगणारी शुभवर्तमाने चार आहेत. त्यांना घोटून एक करण्याचा प्रयत्न दुसऱ्या शतकात झाला होता, तरी मंडळीने चारही राखली. साक्ष एकाविषयी असावी, एका सुरात असण्याची आवश्यकता नाही. ‘मिळून साक्ष देणे’ असे लिहिल्यास हा अर्थ सुरक्षित राहतो.

या शब्दाची दुसरी बाजूही प्रस्तावनेत यावी अशी इच्छा आहे. साक्षीदार या अर्थाचा ग्रीक ‘मार्तुस’ हाच शब्द पुढे विश्वासासाठी प्राण देणाऱ्याला लागू झाला. आपला ‘हुतात्मा’ आहुतीवर भर देतो, तो शब्द पाहण्यावर आणि सांगण्यावर भर देतो. निरनिराळ्या परंपरांचे लोक एकाच नावासाठी मेले, तेव्हा त्यांच्यात कोणते मतभेद होते हे मारणाऱ्यांनी विचारले नाही.

सहावा प्रतिसाद

‘विश्वास’ लिहायचे की ‘श्रद्धा’, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो : दोन्ही लिहावेत. काहींच्या तोंडी ‘विश्वास’, ‘मंडळी’, ‘प्रभुभोजन’ हे शब्द आहेत, तर काहींच्या ‘श्रद्धा’, ‘ख्रिस्तसभा’, ‘मिस्सा’. एका बाजूचीच शब्दावली छापली तर दुसऱ्या बाजूचे लोक ती पुस्तिका पाहुण्यासारखी वाचतील.

प्रश्नकर्ता

सर्वांच्या सूचना समोर ठेवून वाक्य पुन्हा लिहिले आहे. ‘यांद्वारे’ आणि ‘उद्देश आहे’ हे दोन्ही गळले, कारण कर्ता आणि क्रियापद जागेवर आल्यावर त्यांची गरज उरली नाही :

‘आत्म्याने दिलेले ऐक्य राखत आणि विश्वासाच्या पूर्ण ऐक्याकडे वाटचाल करत आपण मिळून देवाची प्रार्थना करू या, आणि ज्या एका प्रभूवर आपली श्रद्धा आहे त्याची मिळून साक्ष देऊ या.’

त्याखाली, जे अजून एका मेजावर येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी एक ओळीची प्रार्थना घालत आहे. ती देवाला उद्देशून असल्याने तिच्यात ‘आम्ही’ ठेवले आहे : ‘प्रभू, तुझ्या मेजापाशी आम्ही अजून वेगळे उभे आहोत, तुला हवे तसे आम्हांला एक कर.’