एमबीबीएस : विदर्भातील शासकीय जागा ठेवावी की कर्ज काढून पुण्याकडे जावे?

प्रश्न (पालक, जुळे सोलापूर)

नमस्कार. राज्य कोट्याच्या पहिल्या फेरीत माझ्या मुलाला विदर्भातील एका नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली आहे. येथील वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालय थोडक्या गुणांनी हुकले. मागील वर्षीचा कटऑफ पाहता दुसऱ्या फेरीत पुण्याकडील एका जुन्या, नावाजलेल्या खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळू शकेल. तेथील शुल्क वर्षाला सुमारे 11 लाख, म्हणजे साडेचार वर्षांचे 49.5 लाख होते. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. उत्पन्न 8 लाखांच्या थोडे वर असल्याने राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतील शुल्कसवलत आम्हांला लागू होत नाही. घर तारण ठेवून कर्ज काढण्याची माझी तयारी आहे; परंतु मोठ्या महाविद्यालयातील संधीसाठी एवढा भार उचलणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर 1 (वैद्यकीय अधिकारी, वैशंपायन महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी)

आपण ‘संधी’ म्हणता, तिचे आधी दोन भाग करावेत. पदवीपुरते पाहिले, तर राज्यातील शासकीय महाविद्यालये आणि अभिमत नसलेली खासगी महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठालाच संलग्न आहेत, त्यामुळे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी एकच. पुढे एमडी-एमएस या पदव्युत्तर पदव्यांची जागा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर मिळते. एमबीबीएस कोणत्या इमारतीत केले, हे तेथे कोणी विचारत नाही.

दुसरा भाग रुग्णांचा, आणि खरा फरक तेथेच पडतो. आमच्या सिव्हिलमध्ये कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवकडचे रुग्ण येत. सोलापूरच्या पूर्वभागातील विणकर कुटुंबांतील आजी तेलुगूच बोलत. तेलुगूत ‘एक्कड नोप्पी’ आणि कन्नडमध्ये ‘एल्ली नोवु’, म्हणजे ‘कुठे दुखते’, एवढे शिकल्याशिवाय केस घेताच येत नसे. पोटावर हात ठेवून यकृत वाढले आहे की नाही, हे मी अशा पन्नासेक पोटांनंतर ओळखू लागलो. पुस्तकाने ते शिकवले नसते. म्हणून नव्या महाविद्यालयाला जोडलेले जिल्हा रुग्णालय भरलेले असते का, एवढे पाहा. असेल, तर मी जागा सोडणार नाही.

शासकीय जागेला एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते, हेही हिशेबात धरावे. मात्र त्या वर्षाचे वेतन मिळते, म्हणून मी त्याला तोटा मानत नाही.

उत्तर 2 (निवृत्त बँक अधिकारी, होटगी रस्ता)

40 लाखांचे शैक्षणिक कर्ज आणि 10 टक्के व्याज धरले, तर पूर्ण उचल झाल्यावर नुसते व्याज वर्षाला 4 लाख, म्हणजे महिन्याला तेहतीस हजारांहून अधिक होते. शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज साचतच राहते. त्याच काळात मुलगा नीट-पीजीची तयारी करत असेल. आवडीची शाखा मिळवण्यासाठी आणखी एक वर्ष थांबावेसे वाटले, तर बँक थांबणार नाही. माझ्या मते कर्जाने मुलाच्या संधी वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता अधिक आहे. शिवाय घराबरोबर कारखान्याचे खेळते भांडवलही अडकेल.

उत्तर 3 (अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, एक नवे शासकीय महाविद्यालय)

वरील मतांशी मी सहमत आहे, परंतु नव्या महाविद्यालयाचे चित्र इतके गोड नाही. आम्हांला दोन विषयांना वर्षभर पूर्णवेळ प्राध्यापक नव्हते, आणि वसतिगृह तयार नसल्याने पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत राहावे लागले. याउलट विद्यार्थी थोडे असल्याने टाके घालणे आणि प्रसूतीला मदत करणे आम्हांला लवकर करायला मिळाले. एक सूचना तातडीची आहे: दुसऱ्या फेरीत वरचा पर्याय लागला, तर आधीची जागा आपोआप जाते. जागा ठेवायचीच असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म मुदतीत भरावा.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला घेऊन मी उद्या निघत आहे. सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर किती रांग लागते ते पाहू, वॉर्डांत एक चक्कर मारू, वसतिगृहाची चौकशी करू. रांग असली, तर फॉर्म तेथेच भरून येऊ.