मदत हवी आहे : नवोदित कथाकारांना बोलते कसे करावे?
येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या वाचनालयात तीन नवोदित कथाकारांशी तासभर संवाद साधण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. तिघांचीही पहिली कथा दिवाळी अंकात छापून आली; ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही वाट अजून बुजलेली नाही, याचे मला अप्रूप वाटते. मात्र ‘प्रेरणा कोठून मिळते?’ असे विचारले की उत्तर ‘आजीच्या गोष्टी’ एवढ्यावरच थांबते (गेल्या वर्षी नेमके तसेच झाले). साभार परत आलेली कथा, चार वेळा खोडलेला शेवट, नोकरी सांभाळून लिखाणासाठी काढलेला वेळ, यांविषयी त्यांना न दुखावता कसे विचारावे? ज्यांनी अशा मुलाखती घेतल्या आहेत, त्यांनी कृपया एखादा नेमका प्रश्न सुचवावा. तसेच कथेतील उतारा संवादाआधी वाचून घ्यावा की नंतर, हेही सांगावे.